वजन अडकलंय आणि जास्त खायला मन धजत नाही: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

वजन उतरता उतरता एका जागी थांबलं की बहुतेक जण आधी रात्रीची पोळी बंद करतात. मग भात जातो, मग सकाळचा नाश्ता. काटा तरीही हलत नाही. शेवटी कुणीतरी जाणकार सांगतो की थोडं जास्त खाऊन बघा. धीर करून तीन दिवस जास्त खाल्लं जातं, चौथ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा काकडी आणि ताकावर गाडी येते. हे चक्र लोक वर्षानुवर्षं फिरवतात.

यात क्रमाची चूक होते. लोक आधी ताट वाढवतात, आणि मन टोचायला लागल्यावर त्याचं काय करायचं याचा विचार करू लागतात. तोवर उशीर झालेला असतो. मनाची तयारी आधी करायची आणि ताट नंतर भरायचं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत, मधला टप्पा गाळू नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. जास्त खाल्ल्याने चरबी वितळत नाही. महिनोन्महिने फार कमी खाल्लं की शरीर खर्च आवरतं. माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो, व्यायामात दम धरत नाही आणि भुकेच्या भरात शनिवार-रविवारी सुटतो. खाणं योग्य पातळीवर आणलं की या गोष्टी सुधारतात आणि मग छोटी तूट, म्हणजे खर्चापेक्षा थोडं कमी खाणं, टिकवता येते. फायदा इतकाच आहे, आणि तो पुरेसा आहे.

## हे कोणी स्वतःहून करू नये

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, तुम्ही गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, लपून खाणं, पाळी तीन महिन्यांहून जास्त काळ बंद असणं, यातलं काहीही होत असेल तर हा लेख तुमच्यासाठी पुरेसा नाही. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांचीही मदत घ्या. कुणाला आणि कसं सांगावं हे सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

## टप्पा १: वजन खरंच अडकलंय का ते तपासा

आठ-दहा दिवस काटा हलला नाही म्हणजे वजन अडकलं असं होत नाही. शरीरातलं पाणी रोज कमी-जास्त होतं आणि काटा एक-दोन किलो सहज इकडचा तिकडे होतो. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, अपुरी झोप, नुकताच सुरू केलेला व्यायाम, पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठता, यातलं काहीही खरी घट झाकून ठेवू शकतं.

तपासायची रीत अशी:

१. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी, सारख्याच कपड्यांत वजन करा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको.
२. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा. तुलना करायची ती या सरासरीची.
३. पाळी येत असेल तर या महिन्याच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करा.
४. कमरेचा घेर पंधरा दिवसांतून एकदा, टेपने, बेंबीच्या रेषेत मोजा. श्वास सोडल्यावर मोजा, पोट आत ओढून नाही.

चार आठवडे सरासरीही तीच आणि घेरही तोच असेल, तर वजन अडकलं म्हणा. वजन तेच पण कंबर कमी होत असेल तर काहीच अडकलेलं नाही. जे चाललंय ते चालू ठेवा.

थांबा, हे बघा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर बायकांनी ८० आणि पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा असं सांगितलं जातं. तुम्ही या दोन्ही मर्यादांच्या आत असाल तर शरीर थांबलंय ते कदाचित योग्य जागीच. अशा वेळी वजन आणखी उतरवण्याचा टप्पा ९ तुमच्यासाठी नाही. स्थिर खाण्यावर, म्हणजे वजन वाढणारही नाही आणि उतरणारही नाही इतक्या खाण्यावर या आणि तिथेच राहा.

## टप्पा २: सात दिवस काहीही न बदलता नोंद

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त तोच गाळला जातो. सोमवार ते रविवार, शनिवार-रविवार धरून, जे तोंडात गेलं ते लिहायचं. चांगलं दिसावं म्हणून त्या आठवड्यात कमी खाऊ नका, नाहीतर नोंद निरुपयोगी ठरते.

मराठी घरात हिशेबाबाहेर राहणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात:

- फोडणीचं तेल. मोठा चमचाभर तेलात साधारण १२० कॅलरी असतात. प्रत्येक भाजीचं तेल मोजणं जमत नसेल तर महिन्याच्या तेलावरून अंदाज काढा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी होतात.
- चहा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्याच दीडशेच्या आसपास कॅलरी, दूध वेगळं.
- भाजीतलं आणि कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट. दोन मोठ्या चमच्यांना शंभरच्या घरात.
- मुलांच्या ताटात उरलेलं, आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेला "एवढाच तर आहे" भात. घरातल्या बाईने सगळ्यांच्या शेवटी बसायचं आणि उरलेलं संपवायचं ही रीत अजून बऱ्याच घरांत आहे. तिच्या स्वतःच्या ताटात एक पोळी दिसते आणि पोटात दोन पोळ्यांइतकं जातं. वर "मी तर काहीच खात नाही" असं तिला मनापासून वाटतं, कारण नीट बसून ती खरंच खात नाही.

आता आठवड्याची बेरीज करून सातने भागा. त्यावरून तुम्ही कोणत्या गटात आहात ते ठरेल.

गट अ. सोमवार ते शुक्रवार कडक, शनिवार-रविवार मोकळं. पाच दिवस ११०० आणि दोन दिवस २५०० कॅलरी धरल्या तर आठवड्याच्या १०,५०० होतात, म्हणजे सरासरी १५००. मनात मात्र ११०० हाच आकडा असतो. वजन अडकलेले बरेच लोक या गटात निघतात.

गट ब. सातही दिवस खरोखर कमी, आणि सोबत लक्षणं: सतत थंडी वाजणं, केस गळणं, चिडचिड, झोप तुटणं, पाळी पुढे जाणं, जिना चढताना पाय भरून येणं.

गट क. नोंद केल्यावर कळतं की खाणं समजत होतो तितकं कमी नाहीच. तेल, चहा, कूट आणि येता-जाता तोंडात टाकलेलं मिळून आकडा वर गेलाय, आणि गट ब मधली लक्षणंही नाहीत.

इशारा. गट क मध्ये असाल तर खाणं वाढवू नका. तुम्हाला मोजमापाची गरज आहे. तेल मोजून घ्या, चार आठवडे थांबा आणि मग पुन्हा बघा. "जास्त खा म्हणजे वजन उतरतं" हे अर्धवट ऐकून गट क मधल्या माणसाने ताट वाढवलं तर वजन वाढेलच.

## टप्पा ३: आकडा ठरवा

अडतीस वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची, ६८ किलो वजनाची, ऑफिसात बैठं काम करणारी बाई धरू. मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने तिचा विश्रांतीतला खर्च, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी लागणाऱ्या कॅलरी, असा निघतो: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. (पुरुषांसाठी शेवटी वजा १६१ऐवजी अधिक ५.) म्हणजे ६८० + १००० − १९० − १६१ = १३२९. थोडीफार हालचाल धरून १.४ने गुणलं तर १८६०च्या आसपास.

सूत्र हा अंदाज आहे. बराच काळ कमी खाल्लेल्या माणसाचा खर्च त्याहून कमी असू शकतो, आणि नोंदीत थोडंफार सुटतंच. म्हणून दोन वेगळे नियम:

गट अ साठी: आठवड्याची खरी सरासरी हाच तुमचा स्थिर आकडा. वरच्या उदाहरणात १५००. आता सातही दिवस १५००च खायचे. कामाच्या दिवशी ४०० कॅलरी वाढतील, सुट्टीच्या दिवशी हजार कमी होतील. आठवड्याच्या हिशेबात तुम्ही एक घासही जास्त खात नाही आहात. हे वाक्य टप्पा ७ मध्ये उपयोगी पडेल, लक्षात ठेवा.

गट ब साठी: सध्याच्या सरासरीत दर आठवड्याला १५० ते २०० कॅलरी वाढवत सूत्राच्या आकड्याच्या जवळ जायचं. एकदम उडी मारायची नाही, पोटालाही झेपत नाही आणि मनालाही.

इशारा. बायकांनी १२०० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. तुलनेसाठी सांगतो: बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२०चा आकडा दिवसाला १६६० कॅलरींचा आहे. इतरांच्या तोंडचं "मी आठशेवर आहे" ऐकून स्वतःचा आकडा ठरवू नका.

## टप्पा ४: मनाची तयारी, ताट वाढवण्याच्या आदल्या दिवशी

कमी खाण्याला आपण इतका मान देऊन ठेवला आहे की पोटभर जेवलेला माणूस स्वतःला लाजतो. हे बदलायला वेळ लागेल. तोवर निर्णय त्या लाजेच्या हातात जाऊ नये म्हणून ही तयारी. कागदावर, हाताने, चार ओळी लिहा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा:

१. "मी या तारखेपासून चार आठवडे रोज इतकं खाणार आहे." तारीख आणि आकडा दोन्ही लिहा.
२. "पहिल्या दहा दिवसांत काटा एक-दोन किलो वर जाऊ शकतो. ते पाणी आणि पोटातलं अन्न आहे."
३. "भरपाई करणार नाही." म्हणजे दुसऱ्या दिवशी उपास नाही, रात्रीचं जेवण गाळणं नाही, जास्तीचा तासभर चालणं नाही.
४. "बेत बदलायचा असेल तर फक्त रविवारी सकाळी, सात दिवसांची सरासरी बघून. रात्री जेवणानंतर कोणताही निर्णय घेणार नाही."

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. आहाराबद्दलचे बहुतेक वाईट निर्णय रात्री दहाच्या सुमारास, पोट भरलेलं आणि मन खट्टू असताना घेतले जातात.

घरातल्या एका माणसाला हे आधीच सांगून ठेवा. नवरा, बहीण, मैत्रीण, कुणीही चालेल. त्यांनी प्रोत्साहन द्यावं अशी अपेक्षा नको. आकडा वर गेला तरी चार आठवडे वजनावर बोलायचं नाही, एवढंच त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

रोजचा आकडा बघून ज्यांचा दिवसच बिघडतो त्यांनी काटा त्या माणसाच्या ताब्यात द्यावा. वजन पाठमोरं उभं राहून करा, आकडा त्यांनी लिहावा, तुम्हाला फक्त रविवारी सरासरी सांगावी.

थांबा, हे बघा. चार ओळी लिहून चिकटवल्या का? नुसत्या मनात ठरवल्या असतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: वाढवायचं काय आणि कधी

सकाळी आणि दुपारी वाढवा. रात्री वाढवलेलं मनाला सगळ्यात जास्त टोचतं, आणि दिवसभर नीट खाल्लं की रात्री डबे धुंडाळायची वेळही कमी येते.

आधी प्रथिनं. मराठी ताटात ती बहुधा कमी पडतात. वरण पातळ असतं, उसळ आठवड्यातून दोनदा. निरोगी माणसाला वजन उतरवताना किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळाली तर स्नायू टिकायला मदत होते. ६८ किलोच्या बाईला ती ८०च्या जवळ जातात.

गट अ साठी ४०० कॅलरी म्हणजे प्रत्यक्षात किती, ते बघा:

- सकाळी दोन उकडलेली अंडी, सुमारे १५० कॅलरी. अंडी खात नसाल तर मोठा पेलाभर दूध.
- दुपारच्या डब्यात अर्ध्या भाकरीऐवजी एक. ज्वारीच्या मध्यम भाकरीचे शंभर वाढतील.
- संध्याकाळी पाचला मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, सव्वाशेच्या आत.


बस्स, एवढंच. "जास्त खा" ऐकल्यावर डोळ्यांसमोर जे ताट येतं त्याच्या मानाने हे किरकोळ आहे. एकदा ताटात वाढून बघा, भीती निम्मी होईल.

नेहमी होणारी चूक: हे चारशे एका गोड पदार्थात किंवा एका वडापावात बसवायचे. आकडा जुळतो, पण भूक तशीच राहते आणि मन दुप्पट टोचतं. वडापाव आयुष्यातून घालवायचा नाहीये. पहिल्या दोन आठवड्यांत तो वाढीचा भाग म्हणून नको, इतकंच.

दुसरी चूक: "आज भूक नाही" म्हणून वाढवलेलं गाळायचं. फार दिवस कमी खाल्लेल्या माणसाची भुकेची जाणीव बिघडलेली असू शकते. पहिले दोन आठवडे घड्याळावर जेवा.

## टप्पा ६: पहिले दहा दिवस, काटा वर जाताना

शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतं. कमी खाण्याच्या काळात हा साठा रिकामा असतो. भाकरी-भात वाढला की तो भरतो. साठा दोनशे ग्रॅमने वाढला तर पाणी धरून पाऊण-एक किलो काट्यावर दिसतं. आतड्यांत वाटेवर असलेलं अन्न वेगळंच.

आता हा हिशेब करा. एक किलो चरबी साठायला साधारण ७७०० कॅलरी जादा लागतात. रोज ४०० वाढवल्या तर चार दिवसांच्या १६०० होतात. त्या सगळ्याच्या सगळ्या जादा धरल्या, एकही वापरली गेली नाही असं मानलं, तरी चरबी २०० ग्रॅमच्या आसपास होईल. काट्यावर सव्वा किलो वाढलेलं दिसत असेल तर त्यातलं किलोभर चरबी असूच शकत नाही.

पोट जड वाटेल, थोडे वायू होतील. उसळी एकदम वाढवल्या असतील तर जास्तच. मोड आणून, नीट शिजवून, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन खा. आठवड्याभरात पोट सरावतं.

थांबा, हे बघा. दहाव्या दिवसानंतर सरासरी स्थिरावली का? बरीच स्थिरावली तर बेत जसाच्या तसा पुढे. तीन आठवडे सलग सरासरी आणि कंबर दोन्ही वाढतच असतील तर आकडा जास्त ठरला आहे. १०० ते १५० कॅलरी कमी करा. सगळा बेत मोडू नका.

## टप्पा ७: मन टोचेल तेव्हा

टोचणार आहेच. ते टाळता येत नाही. टोचणी असताना काय करायचं हे मात्र ठरवता येतं. ती तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं असतं.

जेवण झाल्या झाल्या. पोट भरल्याची जाणीव आणि चूक केल्याची जाणीव या वेळी एकमेकींत मिसळलेल्या असतात. जागेवरून उठा, ताट स्वतः धुवा, वीस मिनिटं दुसऱ्या कामात घालवा. त्यानंतरही मन तेच म्हणत असेल तर ते काय म्हणतंय ते शब्दशः वहीत लिहा: "अख्खी भाकरी खाल्ली, आता सगळी मेहनत पाण्यात." त्याखाली उत्तर आकड्यांत लिहा: "अर्धी भाकरी जास्त, १०० कॅलरी. बेतात होती. आठवड्याची बेरीज तीच." स्वतःची समजूत घालणारी गोड वाक्यं इथे टिकत नाहीत. आकडे टिकतात.

काट्यावर आकडा बघितल्यावर. कपाटाच्या दारावरची दुसरी ओळ मोठ्याने वाचा. मग त्या दिवसाचा नाश्ता ठरल्याप्रमाणे, ठरलेल्या वेळी करा. बेत टिकतो की मोडतो ते याच नाश्त्यावर ठरतं. तो गाळला की संध्याकाळी भूक अनावर होते, मग भरमसाट खाणं, मग आणखी जोराची टोचणी, मग पुन्हा उपास. साखळी नाश्त्याच्या जागी तोडायची.

कुणाच्या देखत खाताना. "डाएटवर होतीस ना?" असं कुणी म्हणालं की घास अडतो. उत्तर आधीच तोंडपाठ करा: "हो, आता मला ठरवून थोडं जास्त दिलंय." ठरवून हा शब्द पुरेसा असतो, पुढे समजावत बसू नका.

आणखी एक काम याच टप्प्यात करायचं. ज्या पाच पदार्थांची भीती वाटते ते कमी भीतीपासून जास्त भीतीपर्यंत लिहून काढा. कुणाची यादी अशी असेल: केळं, वरणावर तूप, भात, पुरणपोळी, बाहेरची मिसळ. आठवड्याला एकच पदार्थ घ्या. दिवसाच्या आकड्यात बसवून, घरी, जेवणाच्या वेळी, कुणासोबत तरी बसून खा. उभ्याने, ओट्याशी, घाईत नको. त्या दिवशी वजन करू नका. भीती गेली नाही तर पुढच्या आठवड्यात तोच पदार्थ पुन्हा. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. एवढ्या आकड्याला घाबरत राहण्यापेक्षा तो चार वेळा शांतपणे खाऊन बघितला की मन हळूहळू निवळतं.

सतत खाण्याचे विचार येतात म्हणून स्वतःला हावरट ठरवणारे मी पुष्कळ बघितले आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५मध्ये ३६ निरोगी, स्वेच्छेने आलेल्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते दिवसरात्र अन्नाबद्दल बोलू लागले, पाककृती वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. त्यांच्या स्वभावात आधी काही खोट नव्हती. भुकेल्या शरीराचं मन असंच वागतं, तुमचंही तसंच वागतंय.

इशारा. टोचणी तीन-चार आठवड्यांत सौम्य व्हायला हवी. ती वाढत असेल, लोकांत जेवणं टाळावंसं वाटत असेल, खाल्ल्याची शिक्षा म्हणून स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर बेत बाजूला ठेवा आणि वर सांगितलेली मदत लगेच घ्या.

## टप्पा ८: उपास, सणवार आणि घरचे

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार श्रद्धेने करत असाल तर खुशाल करा. पण आदल्या दिवशी जास्त झालं म्हणून दुसऱ्या दिवशी "सहज" उपास धरला तर ती कपाटाच्या दारावरच्या तिसऱ्या ओळीत मनाई केलेली भरपाई आहे, देवाचं नाव दिलं तरी. उपासाच्या दिवशीही ठरलेला आकडा पूर्ण करा. दिवसभर काही नाही आणि रात्री ताटभर साबुदाण्याची खिचडी असं नको. सकाळी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, संध्याकाळी फळ आणि दूध. दाणे मात्र मोजून.

लग्नात, हळदीकुंकवाला, गणपतीत आग्रह होणारच. त्या दिवशी सकाळचं आणि दुपारचं जेवण नेहमीसारखं घ्या. "रात्री खायचंच आहे" म्हणून दिवसभर उपाशी गेलं की पंगतीत हात आवरत नाही.

सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणाऱ्यांनी एक बदल करा: स्वयंपाक झाला की आधी स्वतःचं ताट वाढून बाजूला झाकून ठेवा. मग तुमच्या वाटचं संपत नाही आणि उरलेलं संपवायची जबाबदारीही तुमच्यावर येत नाही. उरलेल्याची सकाळी फोडणीची पोळी होईल.

## टप्पा ९: पुन्हा छोटी तूट

चार आठवडे स्थिर खाऊन झाल्यावर हे तपासा: झोप सुधारली का, व्यायामात दम वाढला का, थंडी वाजणं कमी झालं का, शनिवारी सुटणं थांबलं का. यातल्या निदान दोन गोष्टींचं उत्तर "हो" असेल तरच पुढे. गट ब मधल्यांना इथे यायला सहा-आठ आठवडेही लागू शकतात.

तूट १५० ते २५० कॅलरींची ठेवा आणि तिचा निम्मा भाग हालचालीतून काढा. रोज अर्धा तास जास्तीचं चालणं, आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलणं किंवा उठाबशांसारखे ताकदीचे व्यायाम. हे चालणं आठवड्याच्या बेतात ठरलेलं असावं, खाल्लेलं जिरवण्यासाठी ऐनवेळी वाढवलेलं नाही. खाण्यातून कमी करायचं ते तेल आणि साखरेतून करा, वाढवलेली प्रथिनं काढू नका. उदाहरणातल्या बाईने १५००वरून १४००वर यावं आणि बाकीचं चालून भरून काढावं. आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम उतरलं तरी ते चांगलं आहे. पहिल्या आठवड्यात एकदम किलोभर उतरलं तर तेही पाणीच, त्याने हुरळून जाऊन तूट वाढवू नका.

मधूनमधून अशी विश्रांती पुन्हा घ्या. ऑस्ट्रेलियात लठ्ठ पुरुषांवर झालेल्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे तूट आणि दोन आठवडे स्थिर खाणं असं आलटून पालटून करणाऱ्यांचं वजन सलग तूट ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. व्यायाम करणाऱ्या लोकांवरच्या नंतरच्या एका अभ्यासात चरबीच्या घटीत तसा फरक दिसला नाही, भूक मात्र कमी लागली. त्यामुळे विश्रांतीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, पण ती घेतल्याने नुकसान होतं ही भीतीही काढून टाका. आठ ते दहा आठवडे तूट, मग दोन आठवडे स्थिर, हा क्रम बहुतेकांना झेपतो. स्थिर आठवड्यांच्या तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. ठरलेल्या तारखेला खाल्लेलं मनाला कमी टोचतं.

शेवटची तपासणी. नोंद प्रामाणिक आहे, तूट सहा आठवडे पाळली आहे आणि सरासरी व कंबर दोन्ही जागचे हलले नाहीत, तर आणखी कमी खाऊ नका. डॉक्टरांकडे जा. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. पाळी अनियमित असेल तर पीसीओएस या संप्रेरकांच्या त्रासाबद्दल विचारा. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांची औषधं आणि मधुमेहाची काही औषधं वजन वाढवू शकतात, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या. औषध स्वतःहून बंद करू नका. आणि जाताना नोंदीची वही घेऊन जा. "मी काहीच खात नाही हो डॉक्टर" या वाक्यावरून त्यांना काही ठरवता येत नाही, वहीवरून येतं.